श्रद्धा, संकट आणि मनाची उभारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीर्घ आजार, जवळच्या माणसाचा मृत्यू, कर्ज, नापिकी, मोडलेला संसार अशा प्रसंगी आपल्याकडील अनेक जण डॉक्टर किंवा समुपदेशक गाठण्याच्या कितीतरी आधी देवासमोर हात जोडतात. या हात जोडण्याने मनाला नेमके काय मिळते, ते कधी उपयोगी ठरते आणि कधी घातक, असे प्रश्न रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. कोणाच्याही चालू उपचारांत त्यांच्या आधारे बदल करू नये.

श्रद्धेच्या आधाराने संकटाला सामोरे जाणे म्हणजे मानसशास्त्राच्या दृष्टीने काय?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. माणूस धार्मिक असणे ही एक गोष्ट आणि संकटाच्या वेळी त्याने धर्माचा वापर करणे ही वेगळी गोष्ट, असे ते मानतात. रोज सोवळ्यात पूजा करणाऱ्या गृहस्थांना अतिदक्षता विभागाबाहेर बसल्यावर देव आठवेलच असे नाही, आणि वर्षानुवर्षे देवळाची पायरी न चढलेला मुलगा आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णालयातल्या गणपतीसमोरून हलत नाही. अभ्यास होतो तो या दुसऱ्या गोष्टीचा.

पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्या संक्षिप्त आवृत्तीत १४ विधाने आहेत. त्यांपैकी सात विधाने आधार देणाऱ्या नात्याची आहेत: देवाशी जवळीक शोधणे, त्याच्या साथीने अडचणीवर काम करणे, मनातला राग सोडण्यासाठी त्याची मदत मागणे. उरलेली सात संघर्षाची आहेत: देवाने मला टाकले आहे का, ही मला मिळालेली शिक्षा आहे का, त्याच्या सामर्थ्यात काही अर्थ आहे का. हे दोन्ही प्रकार एकाच माणसात, एकाच रात्री, एकत्र असू शकतात. पुढील सर्व उत्तरांमध्ये हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण ‘श्रद्धा किती’ या प्रश्नापेक्षा ‘ही श्रद्धा दुःखी माणसाच्या बाजूने उभी आहे की त्याच्या विरोधात’ हा प्रश्न मनःस्वास्थ्याबद्दल अधिक सांगून जातो.

मनाची लवचिकता म्हणजे दुःखाचा परिणामच न होणे का?

नाही. लवचिकता म्हणजे दुःख सोसूनही सावरून पुढे जाता येणे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर वर्षभर रडणारी, आणि त्याच वर्षात शेताचा सातबारा स्वतःच्या नावावर करून घेणारी स्त्री लवचिकच म्हणावी लागेल. हवाई बेटांतील कवाई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशके पाठपुरावा केला. गरिबी, कुटुंबातील कलह, पालकांचे मानसिक आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे कर्तबगार आणि मायाळू प्रौढ झाली. त्यांना सावरणाऱ्या गोष्टींमध्ये घरातले किंवा शेजारचे एखादे खात्रीचे प्रेमळ माणूस होते, शिक्षक होते, आणि काहींच्या बाबतीत श्रद्धा व धर्मसमुदायही होता. श्रद्धा ही अशा अनेक आधारांपैकी एक आहे. ती एकटी क्वचितच पुरते.

धार्मिक माणसाला नैराश्य येत नाही, असे संशोधन सांगते का?

असे कोणतेही संशोधन सांगत नाही, आणि हा समज रुग्णांना फार महागात पडतो. टिमोथी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १४७ अभ्यासांचे, म्हणजे जवळपास ९९ हजार व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण केले. धार्मिकता अधिक असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणे किंचित कमी आढळली. सहसंबंध सुमारे उणे ०.१ इतकाच होता. याचा अर्थ असा की माणसामाणसांतील नैराश्याच्या फरकापैकी जेमतेम एक टक्का भाग धार्मिकतेशी जोडता येतो. जीवनात नुकतेच मोठे संकट आलेल्यांमध्ये हा संबंध थोडा अधिक ठळक होता, आणि देव शिक्षा करतो आहे असे मानणाऱ्यांमध्ये तो उलट दिशेचा होता: तेथे लक्षणे जास्त होती. २००५ मध्ये ४९ अभ्यासांच्या आधारे झालेल्या आणखी एका विश्लेषणातही आधार देणारे नाते चांगल्या जुळवणुकीशी आणि संघर्षाचे नाते वाढत्या त्रासाशी जोडलेले दिसले.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली अशी की हे बहुतेक अभ्यास एकाच वेळी घेतलेल्या माहितीवर उभे आहेत, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे त्यांतून ठरत नाही. तब्येत आणि मन बरे असलेला माणूसच कीर्तनाला, नमाजाला किंवा चर्चला नियमित जाऊ शकतो, ही शक्यता उरतेच. दुसरी सावधगिरी फारशी सांगितली जात नाही. लवचिकता मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या कॉनर आणि डेव्हिडसन यांच्या २००३ मधील २५ विधानांच्या मापनश्रेणीत दैव किंवा देव कधी कधी मदत करतो, अशा आशयाचे एक विधान आहे. ज्या मापात श्रद्धा आधीच मिसळलेली आहे, त्या मापाने श्रद्धाळू माणूस थोडा अधिक लवचिक भरणार, यात नवल नाही. म्हणून वर्तमानपत्रात ‘श्रद्धाळू लोक अधिक कणखर’ असा मथळा दिसला, तर कणखरपणा कशाने मोजला हे आधी पाहावे.

मग श्रद्धेमुळे मनाला बळ मिळते, ते कोणत्या वाटेने?

वाटा अनेक आहेत, आणि माझ्या मते त्यांपैकी सर्वांत दुर्लक्षित वाट माणसांची आहे. आषाढी वारीचे उदाहरण घ्यावे. आळंदी आणि देहूहून निघालेला वारकरी अडीच-तीन आठवडे चालतो तेव्हा तो एकटा नसतो. त्याची दिंडी ठरलेली असते, दिंडीत त्याची जागा ठरलेली असते, आणि सकाळी तो दिसला नाही तर चौकशी करणारे कोणीतरी असते. घरात ज्या विधवेला नावाने हाक मारणारे कोणी उरलेले नाही, तिलाही तेथे ‘माउली’ म्हणून हाक मिळते. पायाला फोड येतात, पावसात भिजावे लागते, आणि तरीही परतलेली माणसे मन हलके झाल्याचे सांगतात.

हा केवळ भाबडा अनुभव नाही, असे मानायला आधार आहे. प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर कल्पवासाला, म्हणजे नदीकाठी व्रतस्थ राहायला, आलेल्या ४१६ यात्रेकरूंची आणि मेळ्याला न गेलेल्या १२७ व्यक्तींची भारतीय व ब्रिटिश संशोधकांनी मेळ्याच्या आधी आणि नंतर विचारपूस केली. हे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. कडाक्याची थंडी, गोंगाट आणि गैरसोय सोसूनही कल्पवासींनी सांगितलेले स्वास्थ्य, घरी राहिलेल्यांच्या तुलनेत, सुधारलेले होते. ‘आपण सारे एक आहोत’ ही भावना आणि तीतून मिळणारी परस्परांची साथ यांच्याशी हा फरक जोडलेला असल्याचे या गटाच्या पुढील कामातून दिसले.

दुसरी वाट शब्दांची आहे. ज्या दुःखाला घरात तोंड फोडता येत नाही, त्याला देवासमोर शब्द मिळतात. जात्यावर दळताना बायकांनी विठ्ठलाला भाऊ, बाप आणि सखा मानून सासरचे जे जे सांगितले, ते आजच्या समुपदेशन कक्षात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपेक्षा वेगळे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांच्या पुढाकाराने अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले जाते, तेव्हा एका घराची अडचण साऱ्या गावाच्या कानावर जाते आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणून सारे तिला साथ देतात.

तिसरी वाट क्रमाची. मृत्यूनंतरचे दहा-तेरा दिवस, मुस्लिम विधवेची चार महिने दहा दिवसांची इद्दत, ख्रिस्ती कुटुंबातील सातव्या दिवसाची किंवा महिन्याची मिस्सा यांमुळे शोकाला वेळ आणि जागा मिळते, आणि लोकांना घरी येण्याचे कारण मिळते. याच प्रथा कोणावर बंधन म्हणून लादल्या गेल्या की त्यांचा जाच होतो, हेही खरे आहे. विधवेच्या बांगड्या फोडण्यात तिच्या मनाची काळजी कुठेही नाही.

चौथी वाट प्रतिष्ठेची आहे, आणि तिच्याविषयी पाश्चात्त्य प्रश्नावल्यांमध्ये फारसे काही सापडत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा त्यांनी दुःखाचे कारण पूर्वजन्मात शोधणे सोडून दिले. ‘मी कमी आहे’ हे पिढ्यानुपिढ्या शिकवलेले वाक्य नाकारण्यासाठी धर्माचा झालेला हा उपयोग मानसिक आरोग्याच्या कोणत्याही चर्चेत वगळता येणार नाही.

देवावर राग येणे, त्याच्याशी भांडणे हे वाईट लक्षण आहे का?

आपल्या परंपरेत तरी भांडणाला मोठी जागा आहे. जनाबाईंनी विठ्ठलाला खडसावले आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावलेल्या तुकारामांनी देवाला जाब विचारला आहे. भांडण तिथेच होते जिथे नाते शिल्लक असते, आणि असा राग बहुधा सोबतच्या दुःखाबरोबर ओसरतो.

काळजी वाटावी ती नाते तुटल्याची भावना मुक्कामाला आली तर. पार्गामेंट यांच्या गटाने अमेरिकेत रुग्णालयात दाखल झालेल्या, ५५ वर्षे व त्यावरील ५९६ रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. देवाने आपल्याला टाकले आहे का, त्याचे आपल्यावर प्रेम उरले आहे का, किंवा हे सैतानाचे काम आहे, अशा विचारांनी घेरलेल्या रुग्णांमध्ये या काळात मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी अधिक आढळला. आजाराची तीव्रता आणि मनःस्थिती लक्षात घेतल्यावरही हा फरक टिकला. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. ते रुग्ण बहुतांशी प्रोटेस्टंट ख्रिस्ती होते, म्हणून आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावू नयेत. परंतु ‘देवानेच पाठ फिरवली’ हे वाक्य आठवड्यामागून आठवडे ऐकू येत असेल, तर ते रक्तदाबाच्या आकड्याइतकेच गांभीर्याने घ्यावे.

‘हे माझ्या कर्माचे भोग आहेत’ या विचाराने मनाला आधार मिळतो की त्रास होतो?

दोन्ही होऊ शकते, आणि फरक वाक्याच्या पुढच्या भागात असतो. ‘भोग आहेत, सरतील’ असे म्हणणारा माणूस काळाकडे पाहत असतो आणि त्याला धीर येतो. ‘भोग आहेत, मी याच लायकीची आहे’ असे म्हणणारी व्यक्ती स्वतःला शिक्षा देत असते, आणि नैराश्यातला अपराधभाव अशा वाक्यांवर पोसला जातो. गर्भपात झालेल्या स्त्रीला, मतिमंद मुलाच्या आईला किंवा कर्करोगाच्या रुग्णाला हे वाक्य दुसऱ्याने ऐकवणे क्रूर आहे. ते कितीही जवळच्या नातेवाइकाने, कितीही मायेने म्हटले तरी ते क्रूरच राहते.

सगळे देवावर सोपवून स्वस्थ राहणे योग्य आहे का?

पार्गामेंट यांनी १९८८ मध्ये तीन पद्धती मांडल्या: सर्व काही स्वतःच करणे, सर्व काही देवावर सोडणे, आणि देवाला सोबती मानून स्वतः हातपाय हलवणे. साधारणपणे तिसरी पद्धत मनाला अधिक मानवते. आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही इस्लामी परंपरेतील शिकवण हेच सांगते. मात्र दुसऱ्या पद्धतीला सरसकट आळस म्हणू नये. बायोप्सीचा अहवाल यायला चार दिवस आहेत आणि आपल्या हातात काहीच नाही, तेव्हा ‘आता त्याची मर्जी’ म्हणून झोप लागत असेल, तर ती झोप मोलाची आहे. अहवाल आल्यानंतरही उपचार न घेता तेच म्हणत राहिले, तर तो भरवसा जिवावर बेततो.

मानसिक आजारात उपास, जप, पारायण वाढवावे का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध) घेणाऱ्या रुग्णाने पाणी न पिता उपास केला, मग तो निर्जला एकादशीचा असो की रमजानचा रोजा, तर शरीरातील पाणी कमी होऊन रक्तातील लिथियमची पातळी धोकादायक होऊ शकते. बायपोलर आजारात (ज्यात कधी उन्माद तर कधी नैराश्य येते) रात्रभर जागरण केल्याने उन्मादाचा झटका येऊ शकतो. गोंधळ, भजन किंवा नाइट व्हिजिल करायचे असल्यास झोपेचे नियोजन आधीच करावे. एखाद्याचा जप मोजण्यात चूक झाल्याच्या भीतीने पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, सोवळे पाळण्यात तास जात असतील, देवाविषयी नको ते विचार मनात घुसतात म्हणून तो प्रायश्चित्ते घेत असेल, तर ही भक्ती वाढल्याची खूण नसून मंत्रचळाची (ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृतींचा आजार) असू शकते. त्यावर परिणामकारक उपचार आहेत.

विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केल्याने नैराश्य जाईल का?

इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रांमध्ये दहा दिवसांच्या मौनाचा अनेकांना लाभ होतो. परंतु गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी हे शिबिर करू नये, असे केंद्रेच सांगतात. अर्जात आजार लपवू नये आणि शिबिरासाठी गोळ्या बंद करू नयेत.

अंगात येणे, बाहेरची बाधा यांसाठी देवस्थानात किंवा दर्ग्यात नेणे कितपत बरोबर आहे?

येथे उत्तर सावधपणे द्यावे लागते. तमिळनाडूतील एका देवळात राहायला आलेल्या, गंभीर मानसिक आजाराच्या ३१ रुग्णांचा निमहान्स या बेंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेशी संबंधित संशोधकांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे औषधे दिली जात नव्हती, मारझोडही नव्हती. कुटुंबातील कोणीतरी सोबत राहत असे आणि रुग्ण देवळातली साधी कामे करीत असत. काही आठवड्यांच्या मुक्कामात त्यांच्या लक्षणांची तीव्रता सुमारे २० टक्क्यांनी घटली. अभ्यास छोटा होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तरी शांत जागा, जवळचे माणूस आणि ठरलेला दिनक्रम यांचे मोल त्यातून दिसते.

त्याच राज्यातील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या परिसरातील खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. ते पळू शकले नाहीत. रुग्णाला कोणत्याही ठिकाणी साखळीने बांधणे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार निषिद्ध आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

या दोन टोकांमध्ये एक मधला रस्ता गुजरातमध्ये काढला गेला. मेहसाणा जिल्ह्यातील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ या उपक्रमात तेथील मुजावर (दर्ग्याचे सेवक) रुग्णाला दुआ देतात आणि त्याच आवारातील मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवतात. आपल्याकडील देवस्थानांनी हे उचलण्यासारखे आहे. घरच्यांसाठी कसोटी सोपी आहे: जो भगत किंवा बाबा गोळ्या बंद करायला सांगतो, रुग्णाला एकटे ठेवायला सांगतो किंवा मोठी रक्कम मागतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

उपासनेत खंड पडला तर काय होते?

ज्यांचा आधार मुख्यतः एकत्र येण्यात आहे, त्यांना खंड जास्त जाणवतो. २०२० मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही आणि संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला नेण्यात आल्या. पिढ्यान्‌पिढ्या वारी न चुकलेल्या घरांत ती पोकळी शोकासारखीच होती. म्हातारपणी गुडघे गेल्यावर देऊळ सुटणे, मुलांबरोबर परदेशी गेल्यावर हरिपाठाची मंडळी तुटणे हेही असेच आहे. अशा वेळी घरी देव्हारा मांडून देणे पुरत नाही. माणसे जोडून द्यावी लागतात, मग ती फोनवरची का असेनात.

देव न मानणाऱ्यांचे मन कमी खंबीर असते का?

मुळीच नाही. अर्थ, माणसे, दिनक्रम आणि व्यक्त होण्याची जागा त्यांना चळवळीत, संगीतात, कामात किंवा मैत्रीत मिळते. दुःखात असलेल्या नास्तिक माणसाला नवस बोलायला लावू नये.

डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी श्रद्धेबद्दल बोलावे का? ते हसतील का?

अवश्य बोलावे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९९४ पासून धार्मिक किंवा आध्यात्मिक अडचण ही स्वतंत्र नोंद आहे आणि ती आजार मानलेली नाही. आपण कोणता उपास करता, कोणाकडून अंगारा किंवा काढा घेता, आजाराचे कारण आपल्याला काय वाटते, हे डॉक्टरांना ठाऊक नसेल तर औषध ठरवताना चूक होऊ शकते. चांगला समुपदेशक आपली श्रद्धा तपासत नाही आणि स्वतःची लादतही नाही. तो विचारतो, ‘या काळात तुम्हाला कशाचा आधार वाटतो?’ आणि त्यानंतर, ‘त्या आधाराबद्दल कधी शंका किंवा राग येतो का?’ हा दुसरा प्रश्न विचारला गेला नाही, तर रुग्णाने स्वतःहून त्याचे उत्तर सांगावे.

कोणत्या वेळी थांबू नये?

जगण्याची इच्छा नाही, ‘देवाने आता न्यावे’, ‘मी गेल्यावर सगळे सुटतील’ असे बोलणे सुरू झाले, जेवणखाण सुटले, झोप अनेक रात्री उडाली, किंवा देव कानात हुकूम देतो असे कोणी सांगू लागले, तर पारायण संपण्याची, सप्ताह पार पडण्याची किंवा चांगल्या दिवसाची वाट पाहू नये. वयस्क माणसांच्या तोंडी ‘देवाने आता न्यावे’ हे वाक्य सहज येते, म्हणून ते सवयीने म्हटले आहे की मनापासून, हे शेजारी बसून विचारावे; विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजत नाही. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. तातडीच्या प्रसंगी जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्यावे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. रुग्णाला जपमाळ, तसबीर, तावीज किंवा क्रूस सोबत हवा असल्यास तो बरोबर द्यावा, आणि दाखल करताना तेथील परिचारिकेला तसे सांगावे.